तुमची वाटी केवढी?

"भात किती घेता, काकू?"

"एक वाटी."

"वाटी केवढी?"

"वाटीएवढी," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळून तिने डोळ्यांनीच विचारलं, ही मुलगी शिकलेली आहे ना नक्की?

आहारतज्ज्ञ बाईंनी टेबलाच्या खणातून स्टीलच्या तीन वाट्या काढल्या आणि ओळीने मांडल्या. आत्याने मधलीवर बोट ठेवलं, जरा थांबली, मग मोठीवर ठेवलं. "पण शिगोशीग नाही हं," अशी पुस्तीही जोडली. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न टाकला: भातावर आमटी घेता, की आमटीत भात? मला हसू आलं. नंतर कळलं की या दोन प्रकारांत आमटीचा हिशेब दुप्पट होतो.

चिपळूणहून आत्याला पुण्यात आणलं होतं ते पोटॅशियमपायी. वय चौसष्ट, मधुमेह सतरा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी सुरू, आणि वर्षभरापूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन किंचित वर गेलेलं. ते "किंचित" घरात कुणीच फारसं मनावर घेतलं नाही. मग एकाएकी पायांतलं बळ गेल्यासारखं वाटायला लागलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम 6.1. साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं लागतं. सहाच्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. दोन दिवस रुग्णालयात मॉनिटरला जोडून ठेवलं, आकडा खाली आला आणि घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं: आहारतज्ज्ञांना भेटा.

आता आत्या करत काय होती? फोनवर आलेलं, सगळं चांगलंच. सकाळी शहाळ्याचं पाणी, त्यानंतर पालक-बीट-टोमॅटोचा पेलाभर रस. जेवणात नेहमीचं मीठ बंद करून "कमी सोडियमचं, हृदयाला चांगलं" असं मीठ. यातली एकही गोष्ट बिनबुडाची नाही. शहाळं उत्तम पेय आहे, पालकाला कोण नावं ठेवणार, आणि मीठ कमी खा असं तर डॉक्टरही सांगतात. पण शहाळं आणि तो रस दोन्ही पोटॅशियमने भरलेले. सोडियम कमी केलेल्या मिठात त्या सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. आणि आत्याची रक्तदाबाची गोळी अशा जातीची, की ती मूत्रपिंडाला जपते खरी, पण पोटॅशियम थोडं शरीरात राखून ठेवते. निरोगी मूत्रपिंड हा सगळा जादा माल लघवीवाटे बाहेर टाकून मोकळं होतं. आत्याचं मूत्रपिंड तेवढं चपळ राहिलेलं नव्हतं.

रस, मीठ, गोळी आणि दमलेलं मूत्रपिंड हे चारही एकाच माणसात एकत्र आले तेव्हा दुखणं उभं राहिलं. शहाळ्याचे गुण सांगणाऱ्याला ती गोळी कशी दिसणार? त्याने पत्र लिहिलं होतं, फक्त पाकिटावर पत्ता नव्हता. ते लाखो घरांत पोचलं, तसं आत्याच्याही घरात पोचलं.

इंटरनेटवरच्या आहारसल्ल्यावर टीका करणारे बहुतेक लोक त्याला थापा म्हणतात. थापा असतातच, हळदीने कर्करोग बरा करणारे काही कमी नाहीत. पण थापा ओळखता तरी येतात. मला जास्त भीती वाटते ती खऱ्या, पण कुणाच्याही नसलेल्या सल्ल्याची.

दुधीच्या रसाची गोष्ट घ्या. दुधी पचायला हलका, पथ्याच्या माणसाला चालणारा. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, भोपळा या कुळात कुकरबिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात अचानक वाढतात, आणि मग उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं. समितीचा सल्ला असा की रस काढण्याआधी तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या. हे तर आपल्या आज्या करतच होत्या! दुधी चिरला की आधी तुकडा जिभेवर. भाजी "रस" झाली आणि औषध म्हणून प्यायली जाऊ लागली, तेव्हा ही रीत गळून पडली. त्यात कारलं, आवळा मिसळला की कडूपणाची शंकाही येईना, कारण औषध कडूच असतं अशी आपली समजूत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आणि अगदी ताजी. साठ वर्षांच्या एका गृहस्थाने मिठाचे तोटे वाचले आणि आहारातून क्लोराइडच काढून टाकायचं ठरवलं. त्याने चॅटजीपीटीशी सल्लामसलत केली, आणि जेवणातल्या मिठाच्या जागी सोडियम ब्रोमाइड वापरायला लागला. तीन महिन्यांनी, शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय, असं म्हणत तो रुग्णालयात पोचला. त्याला भास होत होते, तहान लागत होती पण दिलेल्या पाण्यावर विश्वास नव्हता. ब्रोमाइडची विषबाधा हे निदान झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, झोपेच्या आणि शांततेच्या औषधांत ब्रोमाइड असायचं तेव्हा हा आजार चांगलाच माहितीतला होता. आता तो पुस्तकात उरला होता. तीन आठवडे रुग्णालयात काढून तो बरा झाला, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच्यावर उपचार करणाऱ्यांनी ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. गंमत म्हणजे तो महाविद्यालयात पोषणशास्त्रच शिकलेला होता. डॉक्टरांनी तसाच प्रश्न स्वतः विचारून पाहिला, तर उत्तरात ब्रोमाइडचं नाव आलं. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड चालतं अशी कामं रसायनशास्त्रात असतातही. पण "हे तुम्हाला कशासाठी हवंय?" असं त्या यंत्राने विचारलं नाही. दवाखान्यात बसलेला माणूस पहिल्या मिनिटाला तेच विचारतो.

आत्याच्या त्या पहिल्या भेटीला पन्नास मिनिटं लागली. त्यातली चाळीस फक्त प्रश्नांची. या पद्धतीला चोवीस तासांची आठवण म्हणतात: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते क्रमाने सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. आत्याने सांगितलं ते असं: सकाळी चहा, नाश्त्याला दोन आंबोळ्या, दुपारी भात-आमटी-भाजी, रात्री तांदळाची भाकरी. "बास, फार नाही हो माझं खाणं." बाईंनी मान डोलावली आणि तोच दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. चहाबरोबर काही? हो, खारी. किती? दोन. म्हणजे पुडा उघडाच असतो का? मग तीन. आंबोळीबरोबर चटणी कसली, खोबरं ओलं की सुकं? दुपारची भाजी उकडून की नारळाच्या वाटपाची? नातवाने ताटात टाकलेलं कोण संपवतं? इथे आत्या पहिल्यांदा खुलली. अन्न टाकवत नाही म्हणाली. बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली.

माणूस खोटं बोलत नाही, पण आपण जेवणाला जेवण म्हणतो आणि खाण्याला धरतच नाही. हे खणून काढणं म्हणजेच या धंद्यातलं खरं कसब. तेलाचं विचारलं तेव्हा तर "भाजीला किती चमचे" हा प्रश्नच आला नाही. विचारलं ते असं: महिन्याला घरात तेल किती येतं, आणि जेवणारी माणसं किती? पाच लिटरचा डबा, माणसं चार. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या आसपास तेल. चारांत आणि तीस दिवसांत वाटलं की माणशी रोज 38 ग्रॅमच्या घरात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींचं जे नमुन्याचं ताट सुचवलंय त्यात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. आणि हा हिशेब नारळ सोडून. चिपळुणात नारळ सोडून कसला हिशेब!

ही पोषण संस्था म्हणजे आयसीएमआरचीच, 1918 साली कुन्नूरला एका खोलीत सुरू झालेली. 2017 साली तिने भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने आणून 528 पदार्थ प्रयोगशाळेत तपासले. नाचणीत शंभर ग्रॅमला 364 मिलिग्रॅम कॅल्शियम, हा आकडा तिथलाच. आहारतज्ज्ञ हे तक्ते हाताशी ठेवून काम करतात. फोनवरच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपांत "थालीपीठ, एक" असं शोधून बघा, भलतेसलते आकडे येतील, कारण अशा नोंदी अनेकदा वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. कुणाचं थालीपीठ बशीएवढं, कुणाचं तव्याएवढं.

आणि तक्ता हाताशी असूनही नाचणी सगळ्यांना सारखी नाही. मधुमेहाला नाचणी चांगली, हे वाक्य आज घरोघरी आहे. आत्याही बारीक दळलेल्या पिठाची पातळ आंबील पेलाभर प्यायची. दाणा जितका बारीक दळला आणि जितका शिजवला, तितकी त्यातली साखर रक्तात लवकर उतरते. त्याच नाचणीची भाकरी, सोबत उसळ आणि पालेभाजी, ही गोष्ट वेगळी. धान्य तेच, पण शरीराला दिसणारं रूप वेगळं. "नाचणी खा" या दोन शब्दांत ते कुठून येणार?

शरीरंही सारखी कुठे असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापलं होतं. त्यात ते स्वतः आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: 22.3. तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून लठ्ठ असा हा आपला भारतीय बांधा. परदेशातल्या तक्त्यावर वजन "योग्य" आलं म्हणून निर्धास्त झालेल्या किती मराठी माणसांचा मधुमेह उशिरा सापडला असेल, देव जाणे.

औषधं तर प्रत्येकाची निराळी. थायरॉइडची गोळी आणि दूध किंवा कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-12 घसरू शकतं, आणि शाकाहारी घरात ते मुळातच काठावर असतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना "दिवसात दोनदाच जेवा" हा सल्ला परस्पर पाळला तर साखर धोकादायक खाली जाते. दोनदा जेवणं वाईट आहे असं नाही, पण आधी गोळीचा डोस बदलावा लागतो, आणि तो बदलायला आहारतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावते. आत्याचा भाचेजावई जिमला जातो. त्याने तिला प्रोटीन पावडरचा डबा भेट दिला होता, प्रेमाने. निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आयसीएमआर म्हणतं, आणि आपल्यापैकी अनेकांना ती कमीच पडतात, हेही खरं. पण मूत्रपिंड दमलेल्या माणसाला ती मोजूनमापून द्यावी लागतात. डबा भाचेजावयाला परत गेला.

या सगळ्याचा उपयोग होतो का, की नुसती पन्नास मिनिटांची करमणूक? अमेरिकेत 2002 साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3234 लोकांना तीन गटांत विभागलं होतं. एका गटाला मेटफॉर्मिन, एका गटाला नुसती दिखाऊ गोळी, आणि तिसऱ्या गटाला एक एक समुपदेशक. खाणं आणि चालणं यावर तो नेमाने भेटून बोलायचा. हे समुपदेशक बहुतांशी नोंदणीकृत आहारतज्ज्ञच होते. सरासरी पावणेतीन वर्षांनी पाहिलं तर दिखाऊ गोळीच्या गटाच्या तुलनेत मेटफॉर्मिनने मधुमेहाचं प्रमाण 31 टक्क्यांनी कमी केलं होतं, आणि बोलणाऱ्या माणसाने 58 टक्क्यांनी. त्यांनी सांगितलं त्यात नवं काहीच नव्हतं. सात टक्के वजन उतरवा, आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. आठवडाभर जमलं नाही तर पुन्हा त्याच माणसासमोर जाऊन बसायचं असतं, आणि तो "का नाही जमलं?" असं विचारतो, हा फरक.

आता हा माणूस ओळखायचा कसा? "न्यूट्रिशनिस्ट" ही पाटी कुणीही लावू शकतो अशी परिस्थिती जगात बऱ्याच ठिकाणी आहे. इंग्लंडमधले डॉक्टर आणि स्तंभलेखक बेन गोल्डेकर यांनी पोषण सल्लागारांच्या एका अमेरिकी संस्थेचं प्रमाणपत्र साठ डॉलर भरून आपल्या मांजरीच्या नावाने मिळवलं होतं. मांजर तेव्हा जिवंतही नव्हती. आपल्याकडे इंडियन डायटेटिक असोसिएशन 1963 पासून आहे. पोषण आणि आहारशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयात सहा महिने उमेदवारी आणि त्यानंतर परीक्षा, हे पार पडलं की नावापुढे आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, असं लावता येतं. ही उमेदवारी मला सर्वांत मोलाची वाटते. मूत्रपिंडाच्या, जळितांच्या, लहान मुलांच्या वॉर्डात रोज ताटं ठरवून आलेला माणूस आणि स्वतःचं वजन वीस किलो उतरलं म्हणून सल्ला द्यायला लागलेला माणूस यांत तोच फरक आहे, जो गवंड्यात आणि नवं घर बांधून घेतलेल्यात असतो. 2021 साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. त्याची घडी नीट बसेपर्यंत, आरडी आहात का आणि नोंदणी क्रमांक काय, हे सरळ विचारावं. खरा असेल तो रागावणार नाही.

सगळे आरडी देवमाणसं असतात असं मात्र मी म्हणणार नाही. ओट्स आणि ब्रोकोलीचा छापील कागद पाच मिनिटांत हातावर ठेवणारे मी पाहिलेत. असला कागद आणि फोनवरचा व्हिडिओ यांत काडीचा फरक नाही. टेबलामागे विकायच्या पावडरींचे डबे रचलेले दिसले तर उठून यावं. शिवाय तालुक्याच्या गावी असा माणूस मिळणं कठीण, आणि शहरातल्या फिया सगळ्यांना झेपणाऱ्या नसतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहारतज्ज्ञ असतात, केसपेपरवर तिथे पाठवायला डॉक्टरांना सांगता येतं. हे अनेकांना ठाऊकच नसतं. पहिल्या भेटीनंतरचं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं तरी बिघडत नाही. माझं भांडण पडद्याशी नाही. पलीकडचा माणूस प्रश्न विचारतोय की नुसतं सांगतोय, एवढंच बघायचं.

आत्याच्या कागदावर शेवटी जे उतरलं त्यात एकही परकं नाव नव्हतं. भात राहिला, लहान वाटीने. भाजी आधी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे बरंचसं पोटॅशियम निघून जातं. आत्या कळवळली, "सत्त्व जाईल की गं सगळं!" "तुमच्या बाबतीत तेच तर घालवायचंय, काकू." एकादशी सोडणार नाही असं आत्याने आधीच बजावलं होतं. बाईंनी एकादशी ठेवली, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी काढून त्या जागी बेताची वरी आणि ताक बसवलं, आणि त्या दिवशीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घेतलं.

महिन्याने पुन्हा गेलो. पोटॅशियम 4.7. आत्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली घरची वाटी काढून टेबलावर ठेवली. "ही बघ, ही आमची वाटी." बाईंनी ती पाण्याने भरून मापाच्या पेल्यात ओतली. त्यांच्या मोठ्या वाटीपेक्षाही जवळजवळ अर्ध्याने जास्त. दोघी हसल्या.

उठता उठता बाईंनी सहज विचारलं, "परसात झाडं काय काय आहेत?"

आत्याने यादी सांगितली. नारळ, फणस, रातांबा, दोन पोफळी, विहिरीकडे करमळ.

"करमळ? खाता तुम्ही?"

"मोसमात रोज. लोणचं, सार. नुसतं मीठ लावूनही."

बाई परत खुर्चीत बसल्या. करमळात मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मेंदूवर घातक परिणाम करणारं द्रव्य असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी 2013 साली ते वेगळं करून त्याला कॅरॅम्बॉक्सिन असं नाव दिलंय. निरोगी माणूस ते लघवीवाटे टाकून देतो, कळतही नाही. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसाला मात्र थोडक्या फळांनीही न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात. आणखी एक मौज: या फळाचं पोर्तुगीजांचं "कारांबोला" हे नाव बहुधा आपल्याच मराठी "करंबळ"वरून गेलंय, असं शब्दकोश सांगतात. म्हणजे त्या विषाच्या नावातही आपल्याच परसातलं झाड आहे.

परतीच्या वाटेवर, कुंभार्ली घाट उतरल्यावर फोनला रेंज आली तशी आत्याने शेजारच्या वहिनींना फोन लावला. यंदाची करमळं तुम्हीच उतरवून न्या म्हणाली. फोन ठेवला, दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली आणि पुन्हा लावला.

"अगं, एक विचारायचं राहिलं. तुमच्यात कुणाला किडनीचं काही नाही ना?"